लाकडी हात आणि रात्रीची गोळी

मित्रांनो, मी एक जुना लाकडी हात आहे. पाठ खाजवायचा. माझी मालकीण गेली, हे मला भिंतीवरच्या खिळ्याला लटकल्या लटकल्या कळले.

सकाळची वेळ होती. माझा सुतार, म्हणजे तिचा नवरा, रुग्णालयातून अंघोळीपुरता घरी आला होता. तिला आदल्या संध्याकाळपासून ताप होता. पण तापच तो, उतरेल, असे सगळे धरून चालले होते. सुताराने धुतलेली चादर पिशवीत घातली, तिचा कंगवा घातला, आणि तो टॉवेल खांद्यावर टाकतो न टाकतो तोच फोन वाजला. फोनवर तिची थोरली बहीण होती. ताईंचा आवाज मुळातच मोठा. तो खोलीभर ऐकू आला.

"भाऊजी, ती गेली हो!"

सुतार म्हणाला, "बरं. तिला सांगा, मी निघालोच. अंघोळ तेवढी राहिलीय."

"अहो, गेली म्हणतेय मी! गेली!"

"हो, हो. चादर घेतलीय," सुतार म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

मग तो न्हाणीघरात गेला आणि त्याने खरोखर अंघोळ केली. बाहेर आला, केस विंचरले, शर्टाची बटणे लावली, पिशवी उचलली, दाराला कुलूप घातले. त्याच्या चपला जिना उतरताना मला ऐकू आल्या. अर्ध्या जिन्यात त्या थांबल्या. बराच वेळ त्या खालीही गेल्या नाहीत आणि वरही आल्या नाहीत.

लाकडाला धक्का बसतो का, असे तुम्ही विचाराल. बसतो. सुतार नेहमी म्हणतो, फळी पडली की आतली चीर लगेच दिसत नाही, ती मागाहून दिसते.

आता माझी गोष्ट पहिल्यापासून सांगतो.

मी एका आरामखुर्चीच्या पायातून उरलेला तुकडा. माझी रवानगी शेगडीत व्हायची होती. पण त्या दिवसांत मालकिणीला खाज सुटायला लागली होती. ती घरीच शिलाई यंत्रावर पडदे शिवायची. शिवता शिवता मधेच उठायची आणि दाराच्या चौकटीला पाठ घासायची. सुताराने ते पाहिले. त्याने मला रंध्याखाली धरले, दांडा गोल केला, टोकाला जरा बाक दिला आणि पटाशीने बोटे कोरली. मग घासकागदाने इतके घासले की मला मीच ओळखू येईना. पॉलिश मात्र लावले नाही. "त्यानं आणखी खाजायचं," म्हणाला.

तिने मला उलटसुलट करून पाहिले. "अहो, चारच बोटं? अंगठा कुठाय?"

"अंगठा दाखवायला मी आहे ना!"

ती हसली. मला तिने पदराखालून पाठीवर फिरवले आणि डोळे मिटून म्हणाली, "आहाहा! एवढ्या वर्षांत तुम्ही केलेली ही पहिली कामाची वस्तू." घरातला पलंग, कपाट, टेबल, सगळे त्यानेच केलेले होते. पण तो खूश होता.

ते माझे मानाचे दिवस होते. मी यंत्राशेजारच्या खिळ्याला राहू लागलो. तिचा हात न बघताही माझ्यावर पडायचा. बाहेर जाताना ती मला कापडी पिशवीत घालून न्यायची. माझी बोटे पिशवीबाहेर डोकावत. रस्त्यात ओळखीचे लोक थट्टा करायचे, "काय, आज तिसरा हात घेऊन?" ती म्हणायची, "घरकामाला दोन पुरत नाहीत हो."

पण खाज काही थट्टेची नव्हती. पाठीवरून ती नडग्यांवर आली, नडग्यांवरून दंडांवर. अंगावर पुरळ नाही, चट्टा नाही, गांधी नाही. नुसती खाज. लोक तिचा हात उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "काहीच तर दिसत नाही." ताई तर तोंडावर म्हणायच्या, "मनाचे खेळ आहेत तुझे. रिकामं डोकं आणि काय!"

"रिकामं? वर्षभराचे पडदे शिवायचे पडलेत माझे!"

"मग लक्ष तिकडे दे. खाजेकडे देऊ नकोस."

तिने साबण बदलले, अंथरुणे बदलली. पडद्याच्या कोऱ्या कापडाला खळ असते, तिच्यामुळे होत असेल म्हणून ती गिऱ्हाइकाचे कापड आधी धुऊन वाळवू लागली आणि मगच कात्री लावू लागली. खाज तसूभरही हटली नाही. पण तिने शिवलेले पडदे नंतर धुतल्यावर आटेनासे झाले आणि तिची कीर्ती पसरली. सुतार म्हणायचा, "खाजेनं हिचं नाव केलं." सुताराने स्वतःवरही संशय घेतला. आपल्या कपड्यांतला भुसाच बाधत असेल म्हणून तो कामावरून आल्यावर जिन्यातच शर्ट झटकायचा. काही दिवस तर तो बाहेरच्या खोलीत वेगळा झोपला. शेवटी तिनेच बोलावून घेतले. "या आत. खाजतंय ते खाजतंयच, वर एकटेपण कशाला?"

एके दिवशी पहाटे तिने मला पाठीवरून काढले तेव्हा माझी बोटे ओली होती. रक्त लागले होते. मी हादरलो. मला वाटायचे, मी तिला सुख देतो. सुताराने ते पाहिले आणि माझी बोटे आणखी गोल घासली. "आता हा नुसता गोंजारतो," ती कुरकुरली आणि मला दुप्पट जोराने फिरवू लागली.

शेवटी ते दोघे त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. मी पिशवीत होतोच. डॉक्टरीणबाईंनी तिची पाठ नीट पाहिली. त्या बुचकळ्यात पडल्या होत्या.

"खाज आतून येत असेल ना, तर पाठीचा मधला भाग स्वच्छ राहतो," त्या म्हणाल्या. "तिथं माणसाचा हात पोहोचत नाही, म्हणून ओरखडे नसतात. तुमच्या इथं तर सगळीकडे आहेत. कसे?"

मालकिणीने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवले.

डॉक्टरीणबाई मोठ्याने हसल्या. "म्हणजे हे महाशय! मला चकवत होते होय?"

"ह्यांनी केलाय," मालकीण म्हणाली. त्यात अभिमान होता.

मग डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, रक्त तपासून घ्यायचे. मूत्रपिंड, यकृत, साखर, सगळे. खाज आतून का येते ते त्यातून कळेल. दुसरी गोष्ट, रात्री झोपण्याआधी एक गोळी घ्यायची. गोळीचे नाव डॉक्सेपिन. मात्रा अगदी लहान. "तोंडाला कोरड पडेल. सकाळी जडपणा वाटेल, तेव्हा पहिले काही दिवस उठल्या उठल्या यंत्रावर बसू नका. झोपेची किंवा सर्दीची दुसरी गोळी मला विचारल्याशिवाय बरोबर घ्यायची नाही. आणि ह्या महाशयांना जरा सुट्टी द्या."

गोळी मुळात कशाची, ते त्यांनी सांगितले नाही. ह्या दोघांनी विचारलेही नाही.

मित्रांनो, पुढे जे झाले त्यावर माझा आजही विश्वास बसत नाही. गोळी सुरू झाली, आणि काही रात्रींनंतर एका रात्री मला कोणी हातच लावला नाही. मी वाट पाहत राहिलो. उजाडले तरी ती झोपलेलीच. सुतार घाबरला. त्याने तिच्या नाकापाशी बोट धरले. ती डोळे न उघडता म्हणाली, "जिवंत आहे. झोपू द्या."

एवढीशी गोळी! मसुराच्या डाळीएवढी. मी एवढा लांब, चांगल्या लाकडाचा, चार बोटांचा, आणि जे मला वर्षानुवर्षे जमले नाही ते तिने हळूहळू केले असते तरी मला पटले असते. तिने तर एका दमात केले. तिच्या नडग्यांवरच्या खपल्या गळून पडल्या. पाठीवर नवी कातडी आली. उशाशी पाण्याची बाटली असायची, कारण तोंड फार कोरडे पडायचे. एकदा सकाळच्या गुंगीत तिने पडदा उलटा शिवला. चुण्या खाली आणि दुमड वर. सुतार म्हणाला, "नवीन फॅशन म्हणून खपव." ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी खिळ्यावर धूळ खात होतो, पण मला वाईट वाटत नव्हते. खरेच सांगतो.

रक्ताची तपासणी मात्र राहून गेली. बरे वाटत होते ना. आज जाऊ, उद्या जाऊ, हा पडदा झाला की जाऊ.

मग गोळ्या संपत आल्या. नेहमीच्या दुकानात मिळाल्या नाहीत म्हणून ती पलीकडच्या रस्त्यावरच्या दुकानात गेली. बरोबर ताई होत्या आणि सवयीने पिशवीत घातलेला मी होतो. औषधवाल्याने चिठ्ठी पाहिली, मग तिच्याकडे पाहिले. दुकानात गर्दी होती.

"ही डिप्रेशनची गोळी आहे," तो म्हणाला. "कोण घेतं?"

ती म्हणाली, "मी. पण खाजेसाठी."

"खाजेसाठी? ही खाजेची नाही हो, बाई. ही डोक्याची."

रांगेतली माणसे मान वळवून पाहू लागली. ताईंनी तिचा दंड धरला आणि तिला दुकानाबाहेर काढले.

घरी आल्यावर ती खुर्चीत बसली. पाणीसुद्धा प्याली नाही. सुतार आला तेव्हा ती म्हणाली, "त्या बाईंना वाटलं, माझी खाज खोटी आहे."

"कोणाला?"

"तुमच्या डॉक्टरीणबाईंना. गोड बोलून मला वेड्याची गोळी दिली. सगळे म्हणत होते मनाचे खेळ, त्याही तेच म्हणाल्या. फक्त तोंडानं नाही बोलल्या, गोळीनं बोलल्या."

ताई लगेच म्हणाल्या, "मी आधीपासून हेच सांगत होते."

"तू गप गं!" ती एवढ्या जोरात ओरडली की ताईही दचकल्या. मग ती रडायला लागली. "माझं रक्त निघतं गं. रक्त खोटं असतं का?"

सुताराचा चेहरा लाल झाला होता. त्याच्या बायकोला भर दुकानात कोणीतरी वेडी ठरवले होते, एवढेच त्याला दिसत होते. तो म्हणाला, "झालं तेवढं पुरे. परत त्या बाईची पायरी चढायची नाही. ना गोळी, ना रक्त, ना काही."

तिने उरलेली एक गोळी यंत्राच्या खणात टाकली. मी पुन्हा खिळ्यावरून उतरलो.

एक गंमत पाहा. ती गोळी पोटात होती तोवर तिची खाज थांबली होती. ही गोष्ट त्या तिघांनाही ठाऊक होती. पण एक शब्द कानावर पडला आणि पोटातला पुरावा कोणाला आठवेना. आता त्याला गंमत म्हणवत नाही.

खाज आली ती दामदुपटीने आली. माझी पुन्हा स्तुती होऊ लागली. ताई म्हणायच्या, "आपला हात बरा. त्याला ना चिठ्ठी लागते ना डॉक्टर." मी खाजवत राहिलो. मला दुसरे काही येत नाही. तिचे पाय सुजू लागले. ताई म्हणाल्या, यंत्र पायाने चालवून सुजतात. तिला जेवण नकोसे झाले. ताई म्हणाल्या, जाग्रणाने होते. ती दिवसा बसल्या बसल्या पेंगू लागली, आणि एक दिवस पडद्याचे माप घेता घेता स्टुलावरून खाली आली. पाय घसरला नव्हता. तिला भोवळ आली होती.

रुग्णालयात रक्त तपासले. दोन्ही मूत्रपिंडे जवळजवळ निकामी झाली होती. खाज त्यांचीच होती. ती खाज केव्हापासून ओरडून सांगत होती आणि आम्ही तिचे तोंड दाबत होतो. सगळ्यात जास्त मी.

यंत्रावर रक्त स्वच्छ करून घ्यायचे, डायलिसिस म्हणतात ते, सुरू झाले. एक दिवस डॉक्टरीणबाई दुसऱ्या एका रोग्याला बघायला त्या खोलीत आल्या. मी तिच्या उशाशी होतो. त्या थबकल्या.

"ह्या हाताला मी ओळखते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिच्याकडे पाहिले आणि त्यांचा चेहराच उतरला. "तुम्ही? परत का आला नाहीत?"

सुतार तोंड फिरवून उभा राहिला. ती मात्र सरळ बोलली. "तुम्ही मला वेड्याची गोळी दिलीत. खाज खरी वाटत नव्हती तर तसं सांगायचं."

डॉक्टरीणबाई शेजारच्या स्टुलावर बसल्याच.

"खरी वाटली म्हणून तर दिली," त्या म्हणाल्या. "खोटी वाटली असती तर रक्त कशाला तपासायला सांगितलं असतं? अहो, अंगात खाजेचा निरोप पोचवणारं एक रसायन असतं. ही गोळी त्याची वाट अडवते. अगदी थोड्या मात्रेतही अडवते. उदास माणसाला हीच गोळी देतात, पण पुष्कळ जास्त मात्रेत. काम वेगळं, गोळी तीच."

सुतार भिंतीकडे पाहतच म्हणाला, "पटाशीनं खाच पाडतात आणि जुना रंगही खरवडतात."

"तसंच."

"मग त्या दिवशी का नाही सांगितलंत?" मालकिणीने विचारले.

"भीती वाटली. नाव ऐकून तुम्ही घेणार नाही म्हणून. चुकलं माझं."

मालकीण म्हणाली, "माझंही काही बरोबर नाही. खाज थांबली होती ना माझी? मला ठाऊक नव्हतं का?" आणि सुताराकडे वळून, "तुम्ही काय तिकडे भिंतीला पॉलिश करताय? इकडे बघा."

डॉक्टरीणबाईंनी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांशी बोलून, हृदयाचा आलेख काढून, पहिल्यापेक्षाही कमी मात्रेत गोळी पुन्हा सुरू केली. ह्या वेळी सगळे समजावून सांगून. ही गोळी सगळ्यांना चालत नाही आणि सगळ्या खाजांनाही लागू पडत नाही, हेही सांगितले. तिला ती लागू पडली. खाज पुरती गेली नाही, पण झोप येऊ लागली. काही दिवसांनी ती मला उचलून सुताराला म्हणाली, "ह्याला घरी न्या. उगाच जागा अडवतो." घरी परतताना मी त्याच्या पिशवीत होतो. तो शीळ घालत होता. त्याला वाटले, सुटलो.

आणि मग तो ताप आला. डायलिसिसच्या नळीतून जंतू रक्तात शिरले आणि एका रात्रीत सगळीकडे पसरले. डॉक्टरांनी सुताराला तसे स्पष्ट सांगितले. गोळीचा त्यात काही संबंध नव्हता. सुताराने मुद्दाम दोनदा विचारले.

मित्रांनो, मी साधा लाकडी हात आहे. मला तुम्हाला एवढेच सांगायचे आहे. तुमच्या घरात कोणी सारखे खाजवत असेल आणि अंगावर काही दिसत नसेल, तर हसू नका. न दिसणारी गोष्टही खरी असते. डॉक्टर गोळी देतील तेव्हा तिथेच, त्याच खोलीत विचारा, ही कशाची आणि मला कशासाठी. दुकानात काही वेगळे ऐकले तर तडक त्याच खोलीत परत जा. रागावून जा, भांडायला जा, पण जा. आणि माझ्यासारख्यांवर फार भिस्त ठेवू नका. आम्ही खाज शमवतो, तिचे म्हणणे ऐकत नाही.

आता घरी शिलाई यंत्र झाकलेले असते. एक निळा पडदा अर्धा शिवून तसाच आहे. भेटायला लोक येतात, आणि ताई दारातच त्यांना गाठून सांगतात, "वेड्याची गोळी दिली हो तिला. त्या गोळीनं नेली." ऐकणारे हळहळतात आणि पुढच्या घरी जाऊन तेच सांगतात. सुतार आत बसून सगळे ऐकतो.

परवा ताई त्याच्यासाठी डबा घेऊन आल्या होत्या. डबा ठेवता ठेवता म्हणाल्या, "भाऊजी, मीसुद्धा माझी रक्तदाबाची गोळी बंद केलीय. डॉक्टर काय देतात, कशाचं देतात, कोणाला माहीत! डोकं जरा गरगरतं, पण विषापेक्षा बरं."

सुताराने मान वर केली. तोंड उघडले. ताईंना खरे सांगायचे तर सगळेच सांगावे लागले असते. गोळीने ती गेली नाही. ती रक्त तपासायला गेली नाही, कारण जाऊ नको असे त्याने सांगितले होते. तो म्हणाला, "डब्यात काय आणलंत?"

ताई गेल्यावर त्याने चपला घातल्या, दारापर्यंत गेला आणि परत येऊन बसला. काल सकाळीही तसेच झाले. ताईंचे घर गल्लीच्या टोकालाच आहे.

ताईंना अजून कोणी काही सांगितलेले नाही, आणि त्यांची गोळी अजून बंद आहे.